काकू, माझ्या कादंबरीतलं भांडण मार्गी लावल्याबद्दल थँक्यू

प्रिय काकू,

तोंडावर थँक्यू म्हटलं की तुम्ही "बरं बरं, चहा घे" म्हणून विषय बदलता, म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितेय. माझ्यासारख्या बऱ्याच जणी असतील ज्यांना आधी हाडवैर आणि मग प्रेम अशा कादंबऱ्या म्हणजे जीव की प्राण, आणि ज्यांना घरातलं कोणी ना कोणी विचारतंच की त्यात एवढं काय आहे, शेवट तर पहिल्या पानावरच कळतो. कळतोच की. तुम्हीच म्हणालात ना, शेवट माहीत असतो म्हणून तर वाचायचं, ही दोघं एकत्र येणार हे ठरलेलंच आहे, पण एवढं पक्कं झालेलं मत माणूस बदलतो कसा ते बघायचं असतं.

माझी कादंबरी नेमकी तिथेच अडली होती. आपल्या बडोद्यातला मांडवीजवळचा जुना वाडा, नायिका भाडेकरूची मुलगी, नायक मालकाने आणलेला आर्किटेक्ट, आणि वाडा पाडायचा रिपोर्ट त्याच्या सहीने जाणार. भांडणं मी धडाधड लिहून काढली. पण पुढे दोघांना पावसात भिजवलं, गरब्याच्या गर्दीत समोरासमोर आणलं, तरी ही बाई काही त्याच्याकडे वेगळ्या नजरेने बघेना. तुम्ही प्रिंटआउट मागून घेतलीत. जन्मभर कॉलेजात इंग्रजी शिकवलेली बाई माझा रोमान्स वाचतेय या विचाराने मला रात्री झोप नाही, आणि तुम्ही मात्र नाक न मुरडता, शेव-उसळ खाताना, पानं वर धरून वाचत होतात. गरब्याच्या पानावर समासात पेन्सिलने एकच ओळ लिहिलीत, "तिच्याबद्दल याला असं काय माहितीये जे दुसऱ्या कोणाला माहीत नाही?"

मग तुम्ही मला सेंट्रल लायब्ररीत नेलंत. सयाजीरावांनी १९१० साली सुरू केलेली, काचेच्या फरश्यांचे मजले असलेली आपली लायब्ररी, तिथे बसून जेन ऑस्टेनची १८१३ सालची कादंबरी प्राइड अँड प्रेज्युडिस उघडलीत आणि प्रकरणं मोजायला लावलीत. एकूण ६१, आणि नायक डार्सी नायिकेला, एलिझाबेथला, पहिल्यांदा मागणी घालतो ती ३४व्यात, म्हणजे अर्ध्याच्या जरासं पुढे! ती पण कशी, तर तुझ्या घरच्यांची पायरी खालची आहे हे ऐकवत ऐकवत. एलिझाबेथ त्याला तोंडावर नाही म्हणते आणि दोन आरोप करते, माझ्या बहिणीचं जमत आलेलं मोडलंस आणि विकहॅम नावाच्या त्या तरुण अधिकाऱ्याचं वाटोळं केलंस. दुसऱ्या दिवशी डार्सी पत्र आणून देतो त्यात लाडीगोडी नाही, दोन्ही आरोपांना उत्तरं आहेत, आणि बहिणीचं मोडण्यात आपला हात होता हे तो कबूलही करतो. ती ते पुन्हा पुन्हा वाचते. तिथे तुम्ही बोट ठेवून म्हणालात, बघ, अजून प्रेम नाहीये, फक्त खरं काय ते कळलंय. पुढे तिची धाकटी बहीण विकहॅमबरोबर पळून जाते तेव्हा डार्सी गुपचूप पैसे भरून ते लग्न लावून देतो आणि हे तिला सांगू नका म्हणतो, आणि तिला कळतं ते मामीच्या पत्रातून.

मला आवडतं ते हेच होतं काकू, फक्त सांगता येत नव्हतं. या कादंबऱ्यांत बाईचा राग खरा धरतात. तिला कोणी "जाऊ दे गं, चिडू नकोस" म्हणत नाही, चिडायला कारण होतं हे समोरच्याला मान्य करावं लागतं आणि मग नुसत्या सॉरीवर भागत नाही, काहीतरी करून दाखवावं लागतं, तेही ती हो म्हणेल याची खात्री नसताना. आणि ज्याच्याशी वैर तोच सगळ्यात बारकाईने बघत असतो, गोड बोलणाऱ्यांना जे दिसत नाही ते त्याला दिसतं. शेक्सपिअरच्या मच अडू अबाउट नथिंगमध्ये बीट्रिस आणि बेनेडिक सारखे एकमेकांना टोमणे मारतात, पण तिच्या चुलत बहिणीवर भर लग्नात खोटा आळ येतो तेव्हा बेनेडिक बीट्रिससाठी तो आळ घेणाऱ्या स्वतःच्याच मित्राला द्वंद्वाचं आव्हान देतो. तुम्ही हे सांगितलंत तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

आणि 'त्राटिका' नाटकाबद्दल तुम्ही जे बोललात ते तर मी वहीतच लिहून ठेवलंय. वा. बा. केळकरांनी शेक्सपिअरच्याच टेमिंग ऑफ द श्रूवरून आणलेलं नाटक, पण तिथे बायकोला नमवतात आणि लोक टाळ्या वाजवतात. एकटीनेच वाकायचं असेल तर ते वैरातून प्रेम नाही, तो छळ आहे. हल्ली या प्रकारात छळालाच पॅशन म्हणून खपवणारी पुस्तकं पण येतात, ती मला अजिबात चालत नाहीत, आता का चालत नाहीत ते नीट सांगता येतं.

तर माझं अडलेलं प्रकरण झालं. पावसाचा आणि गरब्याचा सीन दोन्ही काढले. आता आर्किटेक्ट वाड्याची मापं घेताना माळ्यावर चढतो, तिथल्या तुळईवर तिच्या आजोबांनी दर पावसाळ्यात पाणी कुठवर गळलं त्याच्या खुणा करून ठेवलेल्या असतात, आणि दुरुस्ती मालकाने कधीच केली नाही हे त्याला कळतं. तो रिपोर्ट बदलतो, हातातलं काम जातं, तिला सांगत नाही. तिला कळतं ते वाण्याकडून.

एका गोष्टीवर मात्र आपलं अजून पटलेलं नाही. तुम्ही म्हणता शेवटी लग्न दाखवायची गरज नाही, मला दाखवायचंच आहे, वाड्याच्या चौकात, सगळ्या भाडेकरूंसकट. शनिवारी नवी प्रिंटआउट घेऊन येते, पेन्सिल तयार ठेवा. आणि काकू, मनापासून, खूप खूप थँक्यू.

तुमची,
वरच्या मजल्यावरची