बाइंडिंगवाल्या मामांना, मनापासून

आदरणीय मामा,
सप्रेम नमस्कार.

आमच्या सरांची पुस्तकं बांधून दिलीत तेव्हा मजुरी अर्धीच घेतलीत, आणि मी आभार मानायला लागले तर "न्या आता, मुलं थांबली असतील" म्हणत दुसऱ्या कामाला लागलात. म्हणून आज सगळ्यांसमोर लिहितेय.

सर गेल्यावर त्यांची कॉलेजातली पुस्तकं माझ्याकडे आली. ते शिकले तेव्हा सोलापूरची कॉलेजं पुणे विद्यापीठाखाली होती. ती पुढे ज्याच्याखाली आली ते कोल्हापूरचं विद्यापीठ १९६२ साली झालं. पोटाला चिमटा घेऊन घेतलेली पुस्तकं ती. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांचं १९४७ सालचं 'जनरल केमिस्ट्री' त्यातच होतं. पानाला हात लावला की कोपरा तुटून हातात यायचा. एका दुकानात तर "रद्दीत घाला, झेरॉक्स काढा" असा सल्ला मिळाला होता.

त्या काळच्या कारखान्यांत कागदावर शाई पसरू नये म्हणून राळ आणि अॅल्युमिनियम सल्फेट वापरत. त्यातून वर्षानुवर्षं आम्ल तयार होत राहतं, ते कागदातल्या सेल्युलोजच्या साखळ्या तोडतं, आणि आपल्याकडचा उन्हाळा त्याला आणखी जोर देतो. हे मी वर्गात शिकवते. पण तुम्ही पान नुसतं बोटांत धरून सांगितलंत, "याला शिलाई मारायची नाही मॅडम, फाटंल. जुजबंदीच करावी लागंल."

आणि केलीत ती जुजबंदी: कडेने शिलाई न मारता पानांच्या घड्यांचा एकेक गठ्ठा, म्हणजे जुज, घडीतून शिवायची. जुना सरस ओल्या खळीने मऊ करून काढलात. फाटलेल्या घड्यांना पातळ कागदाच्या पट्ट्या लावल्यात, एकेक जुज हाताने शिवलात. कसर लागू नये म्हणून खळीत मोरचुदाची चिमूट टाकलीत. मोरचूद म्हणजे आमचं कॉपर सल्फेट, प्रयोगशाळेत बाटल्या भरून असतं; ते असं कामाला आलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

पण सगळ्यात मोठं काम म्हणजे तुम्ही कडा कापल्या नाहीत. कटिंग केल्याशिवाय बाइंडिंग देखणं दिसत नाही, हे तुम्हीच म्हणालात. तरी समासातलं पेन्सिलीचं लिखाण पाहिलंत आणि कटरकडे पुस्तक नेलंच नाहीत.

मामा, त्या समासात काय आहे ते तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. पॉलिंगच्या पुस्तकातल्या मूलद्रव्यांच्या छापील तक्त्यात अरगॉनची खूण नुसती 'ए' आहे. सरांनी शेजारी 'एआर' लिहिलंय, कारण १९५७ साली ती बदलली. ऑक्सिजनपुढे नेमका १६ आहे. तेव्हा सगळ्या मूलद्रव्यांचे भार ऑक्सिजनच्या मापाने मोजत, त्यातही रसायनवाल्यांचं माप वेगळं आणि भौतिकवाल्यांचं वेगळं. १९६१ पासून दोघांनी कार्बन-१२ हा कार्बनचा समस्थानिक नेमका १२ धरून एकच माप केलं. सरांनी त्या सोळाभोवती गोल करून साल लिहिलंय. निष्क्रिय वायूंच्या रकान्याशेजारी तर मोठ्या अक्षरात 'झेनॉन, १९६२!' आहे. कोणाशीच संयोग न पावणारा मानलेला हा वायू रसायनशास्त्रज्ञ नील बार्टलेट यांनी त्या वर्षी संयुगात बांधून दाखवला. सरांना ती बातमी कळली तेव्हा केवढा आनंद झाला असेल, ते त्या उद्गारचिन्हावरून कळतं.

आता बीएस्सीची मुलं हे पुस्तक विभागातच बसून वाचतात. परवा एकीने विचारलं, "मॅडम, ऑक्सिजन तेव्हा बरोबर सोळा आणि आता थोडा कमी, हे कसं?" सगळा तास त्यावरच गेला. आजच्या गाइडमध्ये शेवटचा आकडा तेवढा असतो, त्यामुळे हा प्रश्न कोणाला पडतच नाही. समास कापला गेला असता तर तिलाही पडला नसता.

सीअर्स आणि झेमान्स्की यांच्या फिजिक्सचे दोन खंड अजून कपाटात आहेत, दोन्हींचा कणा सुटलाय. दिवाळीनंतर घेऊन येते. या वेळी मजुरी पूर्ण घ्यायची, आणि एकदा विभागात येऊन मुलांना जुजबंदी दाखवायची. सुई-दोरा तुमचा, मोरचूद आमचा.

तुमची,
रसायनशास्त्राची मॅडम