नानाय, तुम्ही टोकलंत म्हणून

मारिंदुके बेटावरच्या आमच्या नानायना,
सा. न. वि. वि.

तुमचे आभार फोनवर मानून झालेच आहेत. (नानाय म्हणजे आई, हे मराठी वाचकांसाठी.) तरी हे पत्र मराठीत लिहितोय, कारण फिलिपिन्सच्या खेड्यात नाताळाला जाणाऱ्या पुढच्या मराठी माणसाला तुमच्यासारखं टोकणारं कोणी भेटेलच असं नाही. तुमच्याकडे पाहुण्याची चूक तोंडावर सांगत नाहीत. ‘हिया’ आड येते: त्याला लाज वाटेल, असं बोलायचं नाही. मग पाहुणा आठ दिवस तीच चूक मोठ्या आनंदाने करत राहतो. तुम्ही ती भीड सोडलीत, म्हणून हे पत्र.

पहिलं टोकणं तारखेवरून होतं. २३ डिसेंबरला पोचायचा बेत तुम्ही मोडीत काढलात आणि १५ला या म्हणालात. २२-२३ला अर्धं मनिला गावाकडे निघतं. लुसेना शहराच्या बसमध्ये जागा मिळाली तरी तिथल्या डालाहिकान बंदरावर बोटीची रांग वेगळीच. पलीकडचं, मारिंदुकेचं बालानाकान बंदर तीनेक तासांवर आहे, पण वादळाचा पहिल्या क्रमांकाचा इशारा लागला तरी लहान बोटी सुटत नाहीत. डिसेंबर आला म्हणजे वादळं सरली, हा हिशेब तिथे चालत नाही. २०१६ साली ‘निना’ वादळ २५ डिसेंबरलाच कातांदुआनेस बेटाला धडकलं आणि दुसऱ्या दिवशी मारिंदुकेवर आलं. परतीच्या विमानाआधी निदान दोन दिवस मोकळे हवेतच.

१५ला पोचलं की सिम्बांग गाबीही पूर्ण मिळते: १६ ते २४, सलग नऊ पहाटा, चारच्या सुमारास मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना. अर्धी चड्डी आणि बिनबाह्यांचे कपडे नकोत. ख्रिस्ती नसाल तर सगळ्यांबरोबर उठा-बसा, पण कम्युनियनच्या रांगेत शिरू नका. तो प्रसाद चव बघण्यासाठी नाही.

मिस्सेनंतर चर्चबाहेर बिबिंका, म्हणजे तिथला केक. गोव्याची बेबिंका आठवून जाणाऱ्याची फसगत ठरलेली. हिला थर नसतात. ही तांदळाची, जाडसर, फुगलेली. तांदूळ रात्रभर भिजवून वाटायचे, त्या ओल्या पिठाला गालापोंग म्हणतात. त्यात नारळाचं दूध, साखर, अंडी. पसरट मातीच्या भांड्यात केळीचं पान अंथरायचं, पण आधी आचेवरून फिरवून. कच्चं पान कडेला चिरतं आणि पीठ खाली गळून करपतं. पानगी करणाऱ्याला हे सांगायला नको. निखारे खालीही आणि वरच्या झाकणावरही. वरचे जास्त झाले की पाठ काळी आणि पोट कच्चं, आणि घाईत बहुतेकांची होते ती हीच चूक. खारवलेल्या अंड्याचे काप पीठ जरा धरल्यावरच ठेवायचे, आधी टाकले तर तळ गाठतात. शेवटी लोणी आणि किसलेलं खोबरं. सोबत सालाबात, म्हणजे आल्याचा काढाच. तो मात्र आमच्याकडच्यापेक्षा गोड.

पारोल, म्हणजे नाताळाचा चांदणीचा कंदील, त्यासाठी फार शिकवावं लागत नाही. बांबूच्या दहा कामट्या, पाच टोकांच्या दोन चांदण्या, टोकाला टोक बांधून आतल्या पाच कोनांत आखूड काड्या अडकवायच्या, की पोट फुगतं. आकाशकंदील केलेला हात इथे चालतो. कामट्या सारख्या जाडीच्या तासाव्यात. एक जरी जाड राहिली तरी चांदणी तिरपी होते.

खर्चाचं सगळ्यात अवघड. पैसे पुढे केले तर घेत नाहीत, आणि देणाराही खानावळीत उतरल्यासारखा दिसतो. तुमचा उपाय साधा होता: दहा किलो तांदूळ, साखर, कॉफी आणि लाल मेणातलं केसो दे बोला चीज बाजारातून आणून मुकाट्याने स्वयंपाकघरात ठेवायचं. २४च्या मध्यरात्री, मिस्सा आटोपल्यावर, नोचे बुएनाच्या जेवणात ते आपोआप कामी येतं.

शाकाहाऱ्याने ‘वालांग कार्ने’, म्हणजे मांस नको, एवढंच सांगितलं तर भाजीतून डुकराचे तुकडे जातात, बागोओंग राहतं. बागोओंग म्हणजे खारवून आंबवलेला जवळा किंवा मासळी. त्याला कोणी मांस समजत नाही. ते आणि पातिस, म्हणजे माशाचं खारं पाणी, दोन्ही नाव घेऊन सांगावं, तेही आदल्या दिवशी. कढई चुलीवर चढल्यावर नव्हे. बिनधास्त खावं ते सुमान: चिकट तांदूळ, नारळाचं दूध, केळीचं पान.

२५च्या सकाळी मुलं दारात येतात. त्यांच्या आगिनाल्दोसाठी, म्हणजे नाताळाच्या पैशांसाठी, २० पेसोची नाणी आणि ५० पेसोच्या कोऱ्या नोटा आठवडाभर आधी बँकेतून काढून ठेवाव्यात, ऐनवेळी गावाजवळच्या एटीएममध्ये खडखडाट असतो. किती द्यायचे? निनोंगपेक्षा, म्हणजे मुलाच्या धर्मपित्यापेक्षा, कमीच. पाहुण्याने जास्त दिले की निनोंगची मान खाली जाते. पुन्हा तीच हिया. आणि ‘मानो पो’ म्हणत वडीलधाऱ्यांचा हात घेतला की तो कपाळाला लावायचा, ओठांना नाही. हे तुम्ही सगळ्यांदेखत दुरुस्त केलंत, आणि आधी हसल्यात त्याही तुम्हीच.

नानाय, उरारोच्या, म्हणजे आरारूटच्या, बिस्किटांचा तुमचा डबा आमच्याकडेच राहिलाय. आमच्याकडे डबा रिकामा परत पाठवत नाहीत, म्हणून शेंगदाण्याची चिक्की भरून पाठवतोय. तुमच्या दमट हवेत ती लगेच सादळेल. उघडलीत की त्याच दिवशी वाटून टाका.

लोभ आहेच, तो वाढावा.

तुमचे पुण्याचे पाहुणे