हार्डी (थंडीत टिकणारं) जिरेनियम म्हणून पाठवलेली १५ रोपं वेगळीच निघाली, पैसे परत आणि खरी रोपं हवीत

प्रति,
कस्टमर केअर विभाग

ताई, नमस्कार. गेल्या आठवड्यात हेल्पलाइनवर आपलं बोलणं झालं तेव्हा तुम्हीच म्हणालात की मराठीत सगळं सविस्तर लिहून पाठवा, मी वाचून मॅनेजरना सांगते, म्हणून लिहितेय. जरा लांबेल, पण पूर्ण वाचा प्लीज, कारण आधीच्या दोन्ही ईमेल कुणी नीट वाचल्यात असं मला वाटत नाही.

आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. घरासमोर फुटपाथपर्यंत उतरत जाणारा तुकडा आहे, माती चिकण, वर एक मोठं बर्चचं झाड. तिथे गवत धरत नाही, मॉवर चालत नाही, जोराचा पाऊस झाला की माती वाहून फुटपाथवर येते. सासरे उन्हाळ्यात पुण्याहून आले की रोज त्या उतारावर तण काढायला बसतात, वय ७४, गुडघे दुखतात, कितीही सांगा ऐकत नाहीत. म्हणून ठरवलं की एकदाच असं काहीतरी लावायचं जे जमीन झाकून टाकेल, तणाला जागाच ठेवणार नाही आणि वर फुलंही देईल. खूप वाचलं, आणि झाडाखालच्या कोरड्या सावलीसाठी सगळीकडे एकच नाव येत होतं, जिरेनियम मॅक्रोरायझम. मूळचं बाल्कनकडच्या डोंगरातलं, जाड मुळांसारखी खोडं जमिनीलगत आडवी सरकत जातात, फूटभर उंच, पानांना उग्र वास, आणि बरीचशी पानं हिवाळ्यातही टिकतात.

तर गेल्या वर्षी मार्चमध्ये तुमच्याकडून ९ सेंटीमीटरच्या कुंडीतली १५ मॅक्रोरायझम ‘बेव्हन्स व्हरायटी’ आणि ३ ‘रोझॅन’ (तेही हार्डी जिरेनियमच) मागवली. एप्रिलमध्ये रोपं आली, पॅकिंग चांगलं होतं, माती सांडली नव्हती, ते मान्य करते. प्रत्येक कुंडीला तुमचं लेबल होतं आणि त्यावर स्पष्ट एच ७ लिहिलेलं, म्हणजे उणे २० अंशांच्या खालीही तग धरणारं. फोटो जोडलाय.

मी आणि माझ्या मुलाने दोन वीकेंड घालवले. बर्चची मुळं तुम्हाला माहीत असतील, वरच्यावर जाळं करून बसतात, कुदळ मारली की टणकन मागे येते, एकेक खड्डा करायला वीस-पंचवीस मिनिटं लागली, कंपोस्ट घातलं, ४५ सेंटीमीटरच्या अंतराने सगळी लावली आणि उन्हाळाभर पाणी घातलं.

जूनपर्यंत रोझॅन पसरायला लागली पण ही पंधरा रोपं आडवी जायचं नावच घेईनात, सरळ वर चाललेली, दोन फूट उंच, खोड खालून लाकडासारखं झालेलं, आणि दोन रोपांच्या मधे जमीन तशीच उघडी, तिथे बाइंडवीड आणि डँडेलियन मस्त माजले. सासरे परत तिथे बसून तण काढत होते, ज्यासाठी हा सगळा खटाटोप केला तेच.

मला शंका आली नाही कारण पानांना वास होता, आणि लेबलवरही सुवासिक पानं असंच लिहिलं होतं. ऑगस्टमध्ये माझ्या मामांशी व्हिडिओ कॉल चालू होता, ते दौंडकडे तेलासाठी जिरेनियमची शेती करतात, मी सहज कॅमेरा फिरवून बाग दाखवली तर ते म्हणाले, “अगं, हे तर आमचंच जिरेनियम हाय की, पान चुरगाळून बघ, गुलाबासारखा वास येतोय का?” चुरगाळलं. गुलाबाचा वास. मामा म्हणाले, “थंडीत टिकायचं न्हाई हे तिकडं.” मला तर पोटात गोळाच आला.

मग दोन्ही फुलं तोडून ओट्यावर शेजारी शेजारी ठेवली. रोझॅनच्या फुलाला पाच पाकळ्या, पाचही सारख्या, निळी-जांभळी, मधे पांढरट, कशीही फिरवा तशीच दिसते. या पंधरातल्या फुलाला वरच्या दोन पाकळ्या मोठ्या आणि त्यांच्यावर गडद रेषा, खालच्या तीन बारीक आणि साध्या. म्हणजे हे पेलार्गोनियम, दक्षिण आफ्रिकेकडचं, तेच ज्याच्या पानांतून वाफेवर तेल काढतात. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७५३ साली दोन्ही एकाच जिरेनियम नावाखाली ठेवली होती, पण १७८९ मध्येच पेलार्गोनियम वेगळं काढलं गेलंय, तरी लोक अजून दोघांना जिरेनियमच म्हणतात. माझ्यासारख्या ग्राहकाचा नावात गोंधळ होऊ शकतो, पण तुमचा तर हा धंदा आहे, तुमच्याकडून ही चूक व्हायला नको होती.

त्याच दिवशी फोटोसकट ईमेल केली. उत्तर आलं की पहिल्या वर्षी रोपं मुळं धरतात, धीर धरा, पुढच्या वर्षी पसरतील. फुलाच्या फोटोबद्दल एक शब्द नाही. मलाही वाटलं आपलंच चुकत असेल, थांबले.

नोव्हेंबरमध्ये पहिला कडक फ्रॉस्ट पडला. सकाळी मुलाला शाळेत सोडायला निघाले तर पंधराच्या पंधरा रोपं काळी पडलेली, हात लावला तर पान उकडलेल्या पालकासारखं लिबलिबीत, खोड दाबलं तर पाणी निघालं. मुलगा तिथेच उभा राहून म्हणाला, “आई, आपण एवढं खणलं होतं ना.” त्याला काय सांगायचं.

परत ईमेल केली. यावेळी तुमच्याकडून उत्तर आलं की जिरेनियम थंडी सहन करत नाही, ऑक्टोबरमध्ये कुंडीत काढून घरात घ्यायला हवं होतं, त्यामुळे रिफंड मिळणार नाही. ताई, माझा खरा राग या उत्तरावर आहे. तुमच्याच लेबलवर एच ७, नावातच हार्डी, आणि तुमचाच माणूस सांगतोय घरात घ्या! म्हणजे तुम्ही पेलार्गोनियम पाठवलं हे तुम्ही स्वतःच लिहून दिलंत. आणि जमीन झाकायला लावलेलं झाड दरवर्षी उपटून घरात कोण नेतं?

रोझॅनबद्दल माझी तक्रार नाही, उलट जीव लागलाय त्यांच्यावर. जूनपासून ऑक्टोबर संपेपर्यंत फुलं थांबली नाहीत, मधमाशा दिवसभर. तिचे दोन्ही मूळ पालक हिमालयातले आणि ती सापडली इथे सॉमरसेटमधल्या एका घरगुती बागेत, हे वाचल्यापासून तर ती मला आपल्यातलीच वाटते. फक्त तुमच्या पेजवर तिला वर्षभर हिरवं ग्राउंड कव्हर (जमीन झाकणारं झाड) म्हटलंय ते बदला, कारण हिवाळ्यात ती पूर्ण जमिनीत जाते आणि माती उघडी पडते. उतारावर माती धरायला म्हणून कुणी फक्त तीच लावली तर फसेल.

आता मला काय हवंय ते सांगते. १५ रोपांचे ७५ पाउंड परत. त्याशिवाय १५ खरी मॅक्रोरायझम, कारण माझं पूर्ण वर्ष गेलंय आणि ते पैशाने भरून येत नाही. कन्झ्युमर राइट्स ॲक्ट २०१५ प्रमाणे माल वर्णनाशी जुळला पाहिजे, हा जुळत नाही, याचे फोटो, लेबलं आणि तुमची दोन्ही उत्तरं सोबत जोडली आहेत. आणि त्याच लॉटमधली रोपं आणखी कुणाला गेली असतील तर त्यांना आत्ताच कळवा, नाहीतर तीही माणसं दुसऱ्या वर्षाची वाट बघत बसतील.

रोपं एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात पोचतील असं बघा. एकदा बर्चला पानं फुटली की तो खालची सगळी ओल ओढून घेतो आणि नवीन रोपाला मूळ धरायला जड जातं. खड्डे तयार आहेत, या वेळी सासरे यायच्या आत लावून टाकायची आहेत.

आपली,
एक ग्राहक
(ऑर्डर नंबर आणि पत्ता ईमेलच्या विषयात दिलाय)