किनाऱ्यावरच्या गावातली कॉफी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

समुद्रकिनाऱ्यावरील सुट्टीविषयी पर्यटन पुरवण्यांतून जे लिहिले जाते त्यात वाळू, सूर्यास्त आणि राहण्याची सोय यांना भरपूर जागा मिळते; मात्र त्या गावातल्या माणसांनी स्वतः चालवलेल्या लहान कॉफी शॉपचा उल्लेख क्वचितच आढळतो. ही उणीव मला मनापासून खटकते, म्हणून हा पत्रप्रपंच.

गेल्या सुट्टीत आम्ही पहिले दोन दिवस मुक्कामाच्या हॉटेलातच कॉफी घेतली. पहाटे करून ठेवलेली ती कॉफी न्याहारीची वेळ संपेपर्यंत गरम तबकडीवर उभी असे आणि तिला जळकट कडवटपणा आलेला असे. तिसऱ्या दिवशी सकाळी फिरून परतताना किनाऱ्यापासून दोन गल्ल्या आत चार टेबलांचे एक दुकान उघडे दिसले. रात्री पाऊस होऊन गेल्यामुळे हवा दमट होती आणि दुकानाच्या मालकीणबाई ग्राइंडर किंचित फिरवून दळण जुळवत होत्या. पहिला एस्प्रेसो त्यांनी चाखून ओतून दिला, दुसराही ओतून दिला, आणि तिसरा मनासारखा उतरल्यावरच आमचा कप भरायला घेतला.

हा खटाटोप उगाच नव्हता. दळलेली कॉफी हवेतला ओलावा चटकन शोषते. एस्प्रेसोमध्ये सुमारे ९ बार दाबाचे गरम पाणी त्या चुऱ्यातून साधारण २५ ते ३० सेकंदांत उतरावे लागते, आणि दळण थोडे जरी बिघडले तरी कॉफी आंबट व पचपचीत किंवा कडू होते. शिवाय किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेने यंत्राचे धातूचे भाग गंजतात, पाणी जड असेल तर बॉयलरमध्ये क्षारांचा थर साचतो, आणि फिल्टर कॉफीच्या कपात ९८ टक्क्यांच्या आसपास पाणीच असल्याने पाण्याची चव लपून राहत नाही. समुद्राकाठी चांगली कॉफी मिळते तेव्हा कोणीतरी त्यामागे रोज राबत असते, हे मला त्या सकाळी नीट उमगले.

कॉफी आणि समुद्र यांचे नाते जुनेच आहे. येमेनमधील मोखा बंदरातून कॉफी जगभर गेली आणि त्या बंदराचे नाव आजही ‘मोका’ म्हणून आपल्या कपात उतरते. लंडनमधील एडवर्ड लॉइड यांच्या कॉफीगृहात १६८० च्या दशकापासून खलाशी, जहाजमालक आणि व्यापारी जमत, कारण जहाजांची खात्रीची खबर तेथे मिळे. पुढे त्यातूनच लॉइड्सचा विमाबाजार उभा राहिला. खबर मिळण्याची ही सोय अजूनही टिकून आहे. आम्ही कोठे पोहायला जाणार आहोत हे ऐकताच मालकीणबाईंनी सांगितले, की खाडीच्या तोंडाशी ओहोटीच्या वेळी पाणी माणसाला आत खेचते, तेव्हा मुलांना तिकडे मुळीच सोडू नका. हॉटेलच्या माहितीपत्रकात याविषयी अक्षरही नव्हते.

स्थानिक म्हणजे चांगलेच, असे मात्र मी म्हणणार नाही. भाजल्याची तारीख नसलेली पाकिटे, ग्राइंडरच्या भांड्याला चिकटलेले खवट तेल, दूध वाळून बसलेली वाफेची नळी, हे दिसले तर खुशाल उठावे. पण जेथे ही निगा राखलेली दिसते तेथे आपण पर्यटकांनीही थोडे भान ठेवायला हवे. अशा दुकानांचे भाडे बारा महिने चालू असते आणि गर्दी मात्र मोजके महिने असते. त्या दिवसांत एका कपावर लॅपटॉप उघडून दोन तास टेबल अडवणे म्हणजे त्यांच्या वर्षभराच्या मिळकतीवरच बसणे आहे. तसेच, बसूनच प्यायचे असेल तर कॉफी चिनी मातीच्या कपात मागावी. कागदी पेल्याला आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो, त्यामुळे त्याचा पुनर्वापर अवघड ठरतो, आणि वर प्लॅस्टिकचे झाकण असतेच. आम्ही सकाळी फिरायला जात असू त्या वाळूतही अशी झाकणे अर्धवट रुतलेली होती. युरोपीय संघाने एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकविषयी २०१९ मध्ये निर्देश काढला, तोही किनाऱ्यांवर सर्वाधिक सापडणाऱ्या वस्तू समोर ठेवूनच.

आपल्या पुरवणीत किनाऱ्यावरील एखाद्या गावाविषयी लेख येईल, तेव्हा तेथील माणसांनी चालवलेली कॉफीची दुकाने कोणती, ती सकाळी किती वाजता उघडतात आणि हंगाम सरल्यावरही चालू असतात का, एवढी माहिती चौकटीत द्यावी, अशी माझी विनंती आहे. लेखकाने त्यासाठी निदान एक सकाळ तेथे बसून काढलेली असावी. आम्हाला ते दुकान तिसऱ्या दिवशी, तेही वाट चुकल्यामुळे सापडले, आणि चौथ्या दिवशी दुपारी आमची परतीची गाडी होती.

आपला नम्र,
एक वाचक