मंडळीची सेविका झालेल्या लेकीस

चि. रूथ हिस,
ख्रिस्तात सप्रेम सलाम आणि अनेक आशीर्वाद.

तुमच्या चर्चच्या मंडळीने तुला सेविका, म्हणजे डीकनेस, म्हणून निवडलं, फार आनंद झाला. पण या पदाला आपल्याकडे भलत्याच कामांना जुंपतात, म्हणून लगेच लिहायला बसले. पाहुण्यांचा चहा, नाताळचा केक, वेदीवरची फुलं ही कामं चांगलीच आहेत, पण ती कुणीही करावीत. सेविका नेमायची ती जिथे पाळकांना (पास्टरना) किंवा पुरुष सेवकाला पाऊल टाकता येत नाही तिथे जाण्यासाठी.

पद जन्मालाच त्यासाठी आलं. बायबलातल्या रोमकरांस पत्राच्या १६ व्या अध्यायात प्रेषित पौल किंख्रिया गावच्या फीबी या बाईची शिफारस करतो. तिला लावलेला ग्रीक शब्द, दियाकोनोस, पुरुष सेवकांनाही तोच आहे. तिचं काम नेमकं काय, हे मात्र तिथे लिहिलेलं नाही. ते सापडतं तिसऱ्या शतकातल्या सिरियाच्या मंडळीत, 'दिदास्कालिया' नावाच्या नियमावलीत. ख्रिस्ती नसलेल्या घरात एखादी बाई विश्वास धरणारी असेल, तर तिथे पुरुष सेवक पाठवला की लोक नावं ठेवणार. म्हणून सेविका पाठवा. दुसरं कारण बाप्तिस्म्याचं. पाण्यात उतरणाऱ्या बाईच्या अंगाला तेल लावायचं ते बाईनेच. बिशपने फक्त मस्तकाला लावायचं, देवाचं नाव पुरुषाने उच्चारायचं, आणि ती पाण्याबाहेर आली की सेविकेने तिला जवळ घेऊन पुढचं शिक्षण द्यायचं. हे शेवटचं आपण विसरतो. बाप्तिस्मा झाला, फोटो झाला, आणि त्या बाईकडे नंतर कुणी फिरकत नाही.

४५१ मध्ये खल्किदोनला भरलेल्या बिशपांच्या परिषदेने ठरवलं की चाळिशीच्या आत सेविका नेमू नये, आणि तीही नीट पारखून. ५३५ च्या रोमी बादशहा जस्टिनियनच्या कायद्यात कॉन्स्टँटिनोपलच्या मोठ्या चर्चसाठी १०० सेवक आणि ४० सेविका अशी संख्या बांधून दिलेली आहे. पुढे तान्ह्या बाळांचे बाप्तिस्मे वाढले, मोठ्या बायकांना पाण्यात उतरवायचं काम उरलं नाही आणि पदही मागे पडत गेलं. १८३६ मध्ये जर्मनीत काइझर्सवेर्थला फ्लीडनर या पाळकांनी ते पुन्हा उभं केलं, आजाऱ्यांच्या सेवेसाठी. फ्लॉरेन्स नाइटिंगेल १८५१ मध्ये शिकायला गेल्या त्या तिथेच. आपल्याकडे माजघरापर्यंत वचन नेलं ते बायबल बायांनी, म्हणजे घरोघरी जाऊन बायकांना बायबल सांगणाऱ्या बायांनी. त्यांना कुणी पद दिलं नाही, पण काम हेच होतं.

आता तुझ्या कामाचं बोलते. तुमच्याकडे बुडवून बाप्तिस्मा देतात. बायकांना साडीत उतरवू नकोस. पदर आणि निऱ्या पाण्यात फुगून वर येतात, पायांत अडकतात. पांढरा झगा भिजला की आरपार दिसतो, म्हणून आत गडद रंगाचा जाड सुती सलवार-कुडता हवाच. झग्याच्या खालच्या दुमडीत पडद्याला लावतात तसली वजनं शिवून घे, म्हणजे तो तरंगणार नाही. पायऱ्यांवर रबरी मॅट टाक. तू वरच्या पायरीवर चादर उघडून उभी राहा, मंडळीच्या बाजूला तुझी पाठ. ती पूर्ण बाहेर यायच्या आत अंगाभोवती चादर गेली पाहिजे. आणि आठवडाभर आधी पाळीच्या तारखेचं हळूच विचारून घे. ती पाळकांना हे सांगणार नाही, ऐन दिवशी काहीतरी सबब काढून घरी बसेल, आणि लोक म्हणतील विश्वास कच्चा.

मंडळीतली बाई वारली की निरोप तुलाच येईल. उशीर करू नकोस. दोन-चार तासांत अंग आखडायला लागतं, आणि आधी पापण्या आणि जबडा. म्हणून पोचल्यावर पहिल्यांदा डोळे मिट, हनुवटीखालून कापडाची पट्टी घेऊन डोक्यावर बांध, हातपाय सरळ कर. अंघोळ त्यानंतर. हातमोजे घाल. एका वेळी अंगाचा एकच भाग उघडा ठेव, बाकी चादरीखाली, ती जिवंत असती तर जशी लाज राखली असतीस तशीच. लेकीसुनांना हात लावायचा असेल तर लावू दे, नसेल तर आग्रह करू नको.

प्रभुभोजनाची तयारी सोपी आहे. माणशी एका छोट्या पेल्यात १० मिली द्राक्षरस पुरतो, १२० माणसांना सव्वा लिटर. काठोकाठ भरू नकोस, तबकं एकावर एक ठेवताना सांडतं आणि पांढऱ्या कापडावर डाग पडतो. पाव रविवारी सकाळीच काप, शनिवारचा वाळून त्याचा भुगा होतो. पेले त्याच दिवशी कोमट पाण्यात धुऊन पालथे घाल, नाहीतर तळाशी रस आंबतो.

घरोघरच्या भेटीला मात्र सगळं कौशल्य लागतं. एकटी जाऊ नकोस, पण तिघीही नकोत. अर्धा तास बस. आजाऱ्याच्या पलंगावर बसू नकोस, खुर्ची ओढून घे. स्तोत्र छोटं, प्रार्थना त्याहून छोटी. एखाद्या बाईला घरात मारहाण होत असल्याची शंका आली तर सासूसमोर विचारू नकोस, पाणी मागायच्या निमित्ताने आत जा. १८१ हा महिलांचा मदत क्रमांक तिला तोंडपाठ करून दे, चिठ्ठी लिहून ठेवू नकोस.

आणि जे ऐकलंस ते महिला मंडळात 'प्रार्थनेचा विषय' म्हणून मांडू नकोस. आपल्या मंडळ्यांत सगळ्यात जास्त घरं या एका सवयीने दुखावली आहेत. नाव न घेता सांगितलं तरी चाळीस बायकांत कुणाचं ते दोन मिनिटांत कळतं. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात स्त्रियांविषयी लिहिताना पौल चहाडखोर नसाव्यात म्हणतो, ते याचसाठी. जिची गोष्ट आहे तिला आधी विचार, तिने हो म्हटलं तरच बोल. वहीत भेटीची तारीख लिही, गुपित लिहू नकोस.

गरजूंच्या निधीतले पैसे शक्यतो रोख देऊ नकोस. फी शाळेतच भर, औषध दुकानातून घेऊन दे, पावती फाईलला लाव. सही तुझ्यासोबत आणखी एकाची, आणि तो आपल्या नात्यातला नको. 'बघते, करते' असं कुणाला बोलू नकोस. समितीने मंजूर करेपर्यंत तो शब्द त्या घरात उधारीसारखा राहतो.

येत्या रविवारी बाप्तिस्मे आहेत म्हणालीस. बायका किती आहेत ते आजच पाळकांना विचार, आणि जितक्या बायका त्याहून दोन चादरी जास्त ने.

तुझी,
आई