काकू, त्या डिसेंबरच्या आठवड्याबद्दल

ती. काकू,
सा. न. वि. वि.

समोर बसून आभार मानायला गेलं की तुम्ही "पुरे गो, चहा घे" म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. नाव घालू नकोस असं तुम्ही बजावलंत, ते पाळते. पण रत्नागिरीत भाट्याच्या पुलापलीकडे राहणाऱ्या एका काकूंनी २०२१च्या डिसेंबरात चिपळूणच्या एका मुलीसाठी काय केलं, हे लोकांना कळायला हवं, असं मला मनापासून वाटतं. खोली भाड्याने देणारे आणि घेणारे यांच्याबद्दल आपल्याकडे बहुतेक तक्रारीच ऐकू येतात.

तो आठवडा ज्यांनी रत्नागिरीत काढला त्यांच्या लक्षात असेल. नोव्हेंबर सरत आला की आपल्याकडे जो तो थंडीची वाट बघत असतो. पहाटे मतलई वारा सुटतो, दुपारी ऊन चटचटतं, कलमांच्या शेंड्यांना मोहोर दिसायला लागतो. त्या वर्षी मात्र १ डिसेंबरला, बुधवारी, पावसाने सुरुवात केली. अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा होता, त्यातच उत्तरेकडून पश्चिमी झंजावात आला, आणि गुजरातपासून कोकणापर्यंत आभाळ फाटल्यासारखं झालं. छत्र्या, रेनकोट कधीच माळ्यावर गेलेले. दिवसभर सूर्य नाही, अंगाला झोंबणारा वारा. घाटावर जुन्नर-आंबेगावकडे त्या गारठ्याने मेंढ्या दगावल्या. पुढे दोन दिवसांनी टीव्हीवर 'जवाद' चक्रीवादळाचं नाव सुरू झालं. ते तिकडे बंगालच्या उपसागरात होतं, पण 'चक्रीवादळ' म्हटल्यावर भाट्यातल्या माणसांचे चेहरे उतरायचे. मे महिन्यात तौक्ते येऊन गेलं होतं. तुमच्या आगरातले चार माड आणि विहिरीजवळचं जुनं कलम त्यात गेलं होतं. त्या कलमाचा बुंधा मी राहायला आले तेव्हाही तिथेच आडवा होता.

मी आले ती ऑक्टोबरात, कॉलेजं पुन्हा उघडल्यावर. त्याआधी २२ जुलैच्या पुरात आमच्या घरात वाशिष्ठी नदी शिरली होती. त्याबद्दल इथे फार लिहीत नाही. चिपळूणच्या कुठल्याही घरात विचारलंत तरी तीच हकीकत ऐकायला मिळेल. आम्ही शेजाऱ्यांच्या गच्चीवर होतो, खाली दुकान आणि माझी सगळी पुस्तकं चिखलात गेली, माणसं वाचली. पण तेव्हापासून रात्री पावसाचा आवाज आला की मला झोप लागत नसे. हे मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. कुणालाच सांगितलं नव्हतं. पावसाळा संपला, आता जूनपर्यंत काळजी नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. आणि डिसेंबरात कौलांवर तोच आवाज.

त्या बुधवारी रात्री लाइट गेली. मोबाइलची बॅटरी संपलेली, त्यात रेंजही नाही. घरामागच्या पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, पाणी आलं होतं आणि तो आवाज माझ्या खोलीच्या खिडकीतून थेट आत येत होता. मी दप्तर भरून, चपला घालून जिन्यात बसले होते. तुम्ही कंदील घेऊन वर आलात आणि मला तशी बसलेली बघितलीत. "घाबरू नकोस" म्हणाला नाहीत. "काय झालं" असंही विचारलं नाहीत. कंदील वर धरून म्हणालात, "चल गो माझ्याबरोबर, पऱ्या बघून येऊ."

त्या क्षणी मला ते अजिबात नको होतं. पण तुम्ही हात धरला होता.

मागच्या दारी, पऱ्याकडे उतरणाऱ्या जांभ्याच्या पायऱ्यांवर आपण उभ्या होतो. डोक्यावर तुमचं इरलं, माझ्यावर काकांचा जुना रेनकोट. खराट्याची एक हीर काढून तुम्ही ती पाण्याच्या कडेला, दोन चिऱ्यांच्या सांध्यात खोचलीत. मग विचारलंत, "आज तिथी काय?" मला कुठली माहीत असणार! "द्वादशी. बाराची पाऊणपट किती?" नऊ. "म्हणजे नऊला भरती भरली. आता वाजलेत अकरा. ओहोटी लागून दोन तास झाले. तीन वाजेपर्यंत खाडी पाणी ओढत राहणार, पऱ्याचंही ओढणार. पाऊस असाच पडला तरी पाणी या हिरेच्या वर यायचं नाही. तासाभराने बघू."

समुद्रकाठच्या माणसांना यात नवल वाटणार नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हे मासेमारी करणाऱ्या घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असतं. पण मी नदीकाठची, बाजारपेठेत वाढलेली. पाण्याची वेळ आधी सांगता येते, हे मला त्या रात्रीपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. स्वयंपाकघरात येऊन तुम्ही चुलीवर चहा टाकलात, कुळथाची पिठी गरम केलीत आणि भात वाढलात. बाराला आपण पुन्हा खाली गेलो. हीर होती तिथेच होती आणि पाणी तिच्या खाली, एक अख्खा चिरा उघडा पडलेला. कंदिलाच्या उजेडात त्या चिऱ्यावरची ओली रेघ मला स्पष्ट दिसली. मी कितीतरी वेळ ती बघत राहिले. तुम्ही घाई केली नाहीत.

मग मी तुम्हाला २२ जुलैचं सगळं सांगितलं. तुम्ही ऐकून घेतलंत, कपाटावरचं कॅलेंडर काढलंत आणि जुलैचं पान उलटलंत. आषाढ शुद्ध त्रयोदशी. तेराची पाऊणपट पावणेदहा. "चिपळूण खाडीच्या पार आत, तिथे भरती आणखी उशिरा पोचायची," तुम्ही म्हणालात, "वरून डोंगराचं पाणी आणि खालून भरती. जायला वाटच नव्हती गो त्याला." पुराची कारणं नंतर मी पुष्कळ वाचली, त्यावरचे वादही वाचले. पण आमच्या घरात शिरलेलं पाणी मला पहिल्यांदा समजलं ते तुमच्या स्वयंपाकघरात, त्या कॅलेंडरवर. काकू, मला धीर देणारे खूप जण भेटले होते. हिशोब समजावून सांगणाऱ्या तुम्ही एकट्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस अंगावर घेत तुम्ही इन्व्हर्टर असलेल्या घरापर्यंत चालत गेलात, माझा फोन चार्ज करून आणलात आणि रेंज मिळाल्याबरोबर आधी स्वतः माझ्या आईशी बोललात. "पोर माझ्याकडे आहे, जेवलेली आहे, झोपलेली आहे." आई सांगते, त्या वाक्यानंतर बाबा चहा प्यायले. रात्रभर तेही चिपळुणात जागेच होते. तेव्हा एसटीचा संप चालू होता, मनात आणलं असतं तरी त्यांना सहजासहजी येता आलं नसतं. मला शुक्रवारी कॉलेजात प्रॅक्टिकलचं जर्नल द्यायचं होतं, तर शेजारच्या रिक्षावाल्या दादांना सांगून पुलापलीकडे सोडायची सोयही तुम्हीच केलीत. जर्नलला प्लास्टिकची पिशवी घातलीत ती वेगळीच.

आणि हे सगळं करत असताना तुमच्या कलमांचं काय चाललं होतं, हे मला फार उशिरा उमगलं. गुरुवारी पाऊस थोडा थांबला तशा तुम्ही लांब आकडी घेऊन बागेत गेलात, मी मागोमाग आले. हाताला येतील तेवढ्या फांद्या हलवून तुम्ही मोहोरावरचं पाणी झाडत होतात. एक तुरा माझ्या हातात दिलात. वरून लालसर, चांगला दिसत होता. पण आतल्या देठाशी बारीक काळे ठिपके धरले होते, आणि बोटांनी उघडला तर तुडतुड्यांची पिल्लं तिरकी पळाली. मी वनस्पतीशास्त्राची विद्यार्थिनी, करपा, भुरी, तुडतुडे ही नावं मला पुस्तकातून पाठ होती. एका रात्रीच्या ओलीने ती झाडावर कशी उतरतात ते तिथे बघितलं. तुम्ही सांगितलंत की याहून मोठं नुकसान पुढेच आहे: जमिनीत ओल राहिली की ज्या झाडांना अजून मोहोर आलेला नाही त्यांना पालवी फुटते, मोहोर लांबतो, आंबा उशिरा येतो आणि पहिला भाव हातचा जातो. तौक्तेने माड नेलेले, त्यात हे. वर्षाची कमाई अशी फांद्यांवर ओली होत असताना तुम्ही रात्री एका भाडेकरू मुलीला घेऊन पऱ्यावर हीर खोचत होतात. मी तुमच्या जागी असते तर मला ते सुचलं असतं का, हा प्रश्न मला अजून पडतो.

शनिवारी अमावास्या झाली, रविवारी देवदिवाळी. तोपर्यंत ऊन पडलं होतं आणि अख्खं भाट्ये ओले कपडे, ओल्या पेंढ्या, ओली गोणपाटं वाळत घालत होतं. तुम्ही देवांचे नैवेद्य मांडत होतात. कुलदेवतेचा, भैरीबुवाचा, असे एकेक पान लावून झाल्यावर तुम्ही मला विचारलंत, "तुमच्या चिपळूणचा ग्रामदेव कोण गो?" मी म्हटलं, कालभैरव. तुम्ही त्याच्या नावाने आणखी एक पान मांडलंत आणि पाणी मला फिरवायला लावलंत. आईला फोनवर हे सांगितलं तेव्हा ती रडली. पुरानंतर ती तोपर्यंत माझ्यासमोर रडली नव्हती.

त्यानंतर मी तुमच्याकडे डिग्री होईपर्यंत राहिले. भाडं तुम्ही वाढवलं नाहीत, याबद्दल बाबांनी आभार मानायला सांगितलं आहे. मला स्वतःला सांगायचं आहे ते असं की त्या रात्रीनंतरही मला पावसाची भीती वाटायची थांबली नाही. आजही वाटते. फरक एवढाच की आता पाऊस लागला की मी आधी तिथी बघते. गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीत पाणी चढेल अशी हूल उठली, तेव्हा मी आईला पाऊणपट करून वेळ सांगितली, त्यावर थोडा वेळ वाढवून धरायला सांगितलं, आणि आम्ही दुकानातला माल वेळेत वर नेला. पाणी शेवटी आलं नाही. पण माल वर नेताना कुणाचे हात थरथरत नव्हते. आता गल्लीतल्या आणखी दोन घरांतही कॅलेंडरवर तिथीशेजारी पेन्सिलीने भरतीची वेळ लिहिलेली असते. हे तुमचं आहे काकू, तुम्हाला माहीत असावं म्हणून लिहिलं.

तुमच्या गुडघ्याचं आईने आवर्जून विचारलं आहे. जिना चढू नका, वरच्या खोलीतल्या नव्या मुलींना खाली बोलवत जा. मे महिन्यात आंबा उतरून झाला की काकांना घेऊन चार दिवस चिपळूणला या. आईने तुम्हाला अजून पाहिलेलं नाही, फोनवरच काय ती बोलते. तिचं आग्रहाचं बोलावणं आहे, आणि बाबा घ्यायला रत्नागिरीपर्यंत येतील.

कळावे, लोभ असावा.

तुमची,
वरच्या खोलीतली चिपळूणकरीण