चर्चचा हिशेब मागणे म्हणजे बंड नव्हे

महोदय,

चर्चच्या कारभाराविषयी जाहीरपणे लिहिण्याची आम्हा कॅथलिकांना सवय नाही. घरातली गोष्ट चव्हाट्यावर कशाला, असे आमच्याच घरचे म्हणतात. तरीही लिहीत आहे, कारण पश्चिम उपनगरातील आमच्या धर्मग्रामात (एका चर्चच्या हद्दीतील भाविकसमुदायात, म्हणजे पॅरिशमध्ये) वेदीभोवती नवा संगमरवर बसवण्याचे ठरल्याचे आम्हाला रविवारच्या मिस्सेच्या (सामूहिक उपासनेच्या) शेवटी वाचल्या जाणाऱ्या सूचनांमधून कळले आणि पॅरिश कौन्सिलच्या, म्हणजे धर्मग्रामाच्या सल्लागार मंडळाच्या, सदस्यांनाही ते तिथेच, आमच्या शेजारच्या बाकांवर बसून कळले. खर्च किती आणि पैसा कुठून येणार, असे बँकेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी नंतर अदबीने विचारले, तर त्यांच्या श्रद्धेवरच शंका घेण्यात आली.

वास्तविक हा प्रश्न चर्चच्याच कायद्यात बसतो. १९८३ च्या कॅनन कायद्यानुसार प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असणे सक्तीचे आहे (कलम ५३७), भाविकांच्या दानाचा हिशेब भाविकांना द्यायचा आहे (कलम १२८७) आणि आपले मत धर्मगुरूंपुढे मांडणे हा प्रापंचिकांचा (धर्मगुरू नसलेल्या सामान्य भाविकांचा) हक्क, प्रसंगी कर्तव्यही, मानले आहे (कलम २१२). पॅरिश कौन्सिलला केवळ सल्ला देण्याचा अधिकार आहे, हे कलम ५३६ सांगते आणि ते आम्हाला मान्य आहे. पण सल्ला निर्णयाच्या आधी घ्यायचा असतो. पोप फ्रान्सिस यांनी मान्यता दिलेल्या ऑक्टोबर २०२४ च्या सिनॉडच्या (चर्चच्या धर्मसभेच्या) अंतिम दस्तऐवजात तर वार्षिक हिशेब प्रसिद्ध करावा आणि शक्य तिथे बाहेरच्या लेखापरीक्षकाकडून तपासून घ्यावा, असे स्पष्ट म्हटले आहे. आमच्या चर्चच्या दाराशी काचेच्या फळ्यात मात्र गेल्या सणाच्या नोव्हेनाचे (नऊ दिवसांच्या प्रार्थनेचे) वेळापत्रक अजून लटकते आहे.

धर्मगुरूंची ओढाताण आम्हाला दिसत नाही असे नाही. बाप्तिस्मा, लग्ने, अंत्यविधी, शाळेचा कारभार आणि त्यावर आमच्या तक्रारी, हे सारे एकदोघांच्या खांद्यावर असते. परंतु काही वर्षांनी फादरांची बदली होते आणि बांधकामाचे देणे मागे राहते. ते फेडणारे आम्हीच असतो. त्यात मासळीबाजारातून थेट पहाटेच्या मिस्सेला येऊन पाकिटात वीस रुपयांची नोट घालणाऱ्या बायाही आल्या. त्यांना समजेल अशी मराठी मिस्सा आमच्याकडे महिन्यातून एकदाच होते, आणि ती वाढवायला संगमरवर लागत नाही.

मुंबईत असे वाद नवे नाहीत. पोर्तुगालचा पाद्रोआदो (पोर्तुगीज राजाचा इथल्या चर्चवरील आश्रयाधिकार) आणि रोमची प्रोपगंडा (पोपचे धर्मप्रसार खाते) यांच्या झगड्यात १७९४ ते १९२८ या काळात या शहरातील कॅथलिकांवर दुहेरी धर्माधिकार होता आणि त्यात प्रापंचिकांनीही हिरिरीने बाजू घेतल्या होत्या. आमचे मागणे त्यापुढे फारच किरकोळ आहे. कंत्राटदाराला पहिला हप्ता देण्यापूर्वी अर्थसमितीची बैठक व्हावी, आणि गेल्या वर्षीच्या जमाखर्चाचा एक पानी कागद, मराठीत आणि इंग्रजीत, त्या काचेच्या फळ्यात लागावा.

आपला,
एक प्रापंचिक, मुंबई